पाणी येण्याचा दिवस आणि बाकीचे दिवस

नोकरी संपली की माणूस वार विसरतो म्हणतात. सोलापुरात ते शक्य नाही. इथं नळाला पाणी रोज येत नाही. कुठं तीन दिवसांआड, कुठं चार-पाच दिवसांआड, तेही कधी पहाटे तर कधी रात्री दहानंतर. उजनी धरणाकडून येणारी वाहिनी फुटली किंवा पंपिंगची वीज गेली की पाळी पुढं सरकते आणि सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं. मुलं पुण्यात नोकरीला आणि घरात दोघंच, अशी घरं जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला गल्लोगल्ली आहेत. तिथल्या सकाळच्या फिरण्यात तब्येतीची चौकशी नंतर होते, पाण्याची आधी.

या पाण्याला सगळे कंटाळलेले असतात आणि तो कंटाळा रास्तच आहे. तरी निवृत्तीतलं एक मोठं सुख मला याच कामात दिसतं. नोकरीत कामाचा एक तुकडा वाट्याला येतो. फाइल टेबलावर येते, शेरा मारला की पुढं जाते. मागावर चादर विणून होते, ती कुणाच्या अंगावर गेली ते विणकराला कळत नाही. निवृत्तीनंतर कामं लहान होतात, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत ती आपल्याच हातात राहतात. नळाला पहिला थेंब आल्यापासून वरच्या टाकीचं झाकण लावेपर्यंत सगळं आपलं. त्रासही तिथंच आहे, कारण हात तेच असले तरी जोर पूर्वीचा नाही.

म्हणून हे काम नीट बसवून घ्यावं. चार दिवस रिकामी राहिलेली वाहिनी भरताना आधी हवा येते, मग गढूळ पाणी. पहिली पाच-दहा मिनिटं ते हौदात जाऊ देऊ नये. बादल्यांत धरून झाडांना, अंगणाला, संडासाला वापरावं. पाण्याचा रंग निवळला की हौदाचा कॉक उघडावा. नळाला थेट मोटर लावण्याचा मोह अजिबात करू नये. तो गुन्हा तर आहेच, पण वाहिनीत दाब कमी असताना मोटरनं ओढलं की फुटक्या सांध्यातून बाजूच्या गटाराचं पाणीही आत ओढलं जातं. गल्लीत एकाच वेळी चार घरांत जुलाब लागतात, त्यामागं पुष्कळदा हेच असतं. मोटर लावायची ती हौदातून वर चढवायला.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर हजार लिटरची टाकी साधारण अर्ध्या ते पाऊण तासात भरते, उंची जास्त असेल तर थोडा जास्त वेळ. मोटर फिरते पण वर पाणी येत नाही, तर बहुतेक वेळा पाइपाच्या तळाच्या झडपेत, म्हणजे फूटव्हॉल्व्हमध्ये, कचरा अडकून पाइपातलं पाणी खाली उतरलेलं असतं. मोटर बंद करून वरचा बोल्ट काढावा, तांब्यानं पाणी ओतून पाइप काठोकाठ भरावा, बोल्ट घट्ट करून पुन्हा सुरू करावी. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, तर तिला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता जास्त. तो बदलायचा खर्च किरकोळ असतो. पण घुमणारी मोटर तशीच चालू ठेवली तर आतल्या तारांचं वाइंडिंग जळतं आणि खर्च कैक पटींनी वाढतो. इलेक्ट्रिशियन यायच्या आधी एवढं ओळखता आलं की त्याच्याशी बोलणंही सरळ होतं.

हंडा-कळशी उचलायचा हट्ट मात्र सोडलाच पाहिजे. वीस लिटरची भरलेली बादली वाकून उचलली की कंबर धरते, हर्निया असेल तर तो वाढतो. बादली अर्धीच भरावी, नळाखाली स्टूल ठेवून त्यावर भरावी, आणि जिथं जमेल तिथं रबरी नळीनं पाणी न्यावं. साठवणीच्या भांड्यांना घट्ट झाकण हवं. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून आतल्या कडा काथ्यानं घासाव्यात. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, आणि नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. घासणं महत्त्वाचं आहे ते त्यासाठी.

पाण्याचा हिशेब चुकतो तो उन्हाळ्यात, कूलरमुळं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा 42-43 च्या आसपास सहज जातो. हवा कोरडी असल्यानं कूलर उत्तम चालतो, पण रात्रभरात तीस-चाळीस लिटर पाणी पिऊन टाकतो. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टाकीचा तळ दिसत असेल तर कूलर आणि आंघोळ यांतलं एक निवडावं लागतं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद करणं ही सर्रास दिसणारी चूक. ओली हवा आत येत राहते, बाहेर जायला वाट नसते, तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवली की हवा खेळते. वळवाचे ढग जमले की कूलर निरुपयोगी होतो, कारण हवेतच ओल आलेली असते. त्या दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा. इथल्या जड पाण्यानं गवताच्या जाळ्यांवर पांढरे थर बसतात. दर हंगामाला जाळ्या नव्या घ्याव्यात आणि टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण बदलावं. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का ते एप्रिल लागायच्या आधी तपासून घ्यावं, आणि पाणी ओतताना स्विच बंद करून थांबू नये, पिनही काढावी.

साठीनंतर तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण निरोप पोचत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मे महिन्यात पाणी आणि मीठ दोन्ही झपाट्यानं कमी होतात. चक्कर येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. वय कशाला, पुष्कळदा रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावं की गोळीचा डोस हाच ठेवायचा का, आणि पाणी किती प्यायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याचा सल्ला इथं चालत नाही. रात्री सारखं उठावं लागत असेल तर पाण्याचा मोठा भाग संध्याकाळी सहाच्या आत संपवावा. उठताना आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बसावं, मग उभं राहावं. खुब्याची हाडं मोडण्याच्या कितीतरी घटना रात्रीच्या त्या चार पावलांत होतात.

फिरायला या शहरात जागा चांगल्या आहेत. कंबर तलावाचा काठ, हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, पार्क मैदान. उन्हाळ्यात साडेपाचला निघावं, थंडीत सूर्य वर आल्यावर. इथं एक गोष्ट मला जीव तोडून सांगावीशी वाटते, ती मधुमेह असलेल्यांसाठी. सिद्धेश्वराच्या दर्शनाला चपला काढून जायचं असतं आणि दुपारी तिथली फरशी तापलेली असते. ज्याच्या पायांच्या संवेदना मधुमेहानं कमी झाल्या आहेत त्याला चटका जाणवतच नाही. दर्शन होतं, प्रदक्षिणा होते, घरी येऊन पाय धुताना तळव्याला फोड दिसतो. तो फोड चिघळला तर बोट जाण्यापर्यंत वेळ येते. मार्च ते जून दर्शनाला सकाळी आठच्या आत जावं, पायांत जाड सुती मोजे घालावेत, आणि रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून वर पाय धरला की तळवा पूर्ण दिसतो. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना हेही बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

रक्तदाब घरी मोजणाऱ्यांची संख्या वाढली हे फार छान झालं, पण मोजण्याची पद्धत चुकली की विनाकारण काळजी लागते. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवी करून यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला सपाट लावून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर नको. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा वाढून येतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी वाढून येतो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत वेळेसह लिहावेत. मोजताना बोलू नये. टीव्हीवर बातम्या लावून मोजलेल्या रक्तदाबाला काही अर्थ नाही. आणि एखाद्या दिवशी आकडा जास्त आला म्हणून आपल्या मनानं गोळी वाढवू नये. आठवड्याची वही डॉक्टरांसमोर ठेवावी, ती त्यांना एका आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगते.

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन थांबते. नंतर दिल्यावर थकबाकीसह सुरू होते, पण मधल्या दिवसांत औषधाची बिलं थांबत नाहीत. राज्य सरकारचे निवृत्त कर्मचारी बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढं सही करतात. केंद्राच्या, म्हणजे सोलापुरात मुख्यतः रेल्वेच्या, पेन्शनरांना जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून निघणारा डिजिटल दाखला, सोयीचा पडतो. ही सोय 2014 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. वयाची 80 पूर्ण झालेल्यांना दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. गिरण्यांतून, कारखान्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-95 वाल्यांना, म्हणजे भविष्य निधीच्या 1995 च्या पेन्शन योजनेतल्यांना, नोव्हेंबरचं बंधन नाही. त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. हे ठाऊक नसल्यानं ते बिचारे उगाच नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहतात.

मोबाइलवरून दाखला देताना दोन अ‍ॅप लागतात, जीवन प्रमाण आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी. जवळ आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, पेन्शनचं बँक खातं आणि चालू मोबाइल नंबर हवा. चेहरा टिपला जात नाही याचं कारण बहुतेक वेळा प्रकाशाचं असतं. खिडकीकडं पाठ करून बसलं की तोंड काळोखात जातं. खिडकीकडं तोंड करावं, चष्मा काढावा, कॅमेऱ्याची काच सुती कापडानं पुसावी, सूचना आली की डोळ्यांची उघडझाप करावी. दाखला नाकारला जाण्याचं मोठं कारण मात्र वेगळं आहे. पेन्शन मंजूर करणारी आणि वाटप करणारी संस्था यादीतून निवडताना चूक होते. प्रमाण क्रमांकाचा संदेश आला म्हणजे काम झालं असं समजून लोक निर्धास्त होतात. आठवड्यानं बँकेत दाखला स्वीकारल्याची खात्री करावीच. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गेल्या वर्षीचा भरलेला तपशील एका कागदावर लिहून पीपीओच्या पिशवीत ठेवणं.

दाखल्यासाठी द्यायचे बोटांचे ठसे हा सोलापूरचा खास त्रास आहे. आयुष्यभर विड्या वळलेल्या बायका, यंत्रमागावर सूत जोडलेले हात, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवतं आणि ती बाई ओशाळते, जणू चूक तिचीच. चूक तिची मुळीच नाही. कोमट पाण्यानं हात धुऊन, खोबरेल तेलाचा हलका हात लावून पुसलं आणि अंगठ्याऐवजी मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट लावलं तर पुष्कळदा जुळतं. नाही जुळलं तर चेहऱ्याचा पर्याय मागायचा, तो तिचा हक्क आहे. पोस्टमनही घरी येऊन दाखला करून देतो. अंथरुणाला खिळलेल्यांना याचा फार उपयोग होतो. आणि हेही लिहायलाच हवं की ईपीएस-95 चं किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1000 रुपये ठरलं. त्यात दोघांच्या महिन्याच्या गोळ्याही बसत नाहीत. त्या माणसाला निवृत्तीचे लहानसहान आनंद सांगताना माझी जीभ अडखळते.

हयातीचा दाखला अपडेट करतो, लिंक पाठवतो, ओटीपी सांगा, असा फोन आला की बंद करावा. बँक, कोषागार, भविष्य निधी यांपैकी कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही.

आता स्वयंपाकघर. इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. निवृत्त होतो तो नवरा, बायको निवृत्त होत नाही. उलट तिच्या दुपारच्या दोन शांत तासांत एक माणूस येऊन बसतो आणि दर तासाला चहा मागतो. मदत म्हणून अर्धवट कामं केली तर तिचं काम वाढतं. कांदा चिरून साली ओट्यावर ठेवल्या तर ती मदत होत नाही. घ्यायचं तर एक पूर्ण काम घ्यावं. चहा म्हणजे आधण ठेवण्यापासून गाळणं धुऊन जागेवर अडकवण्यापर्यंत. आणि सोलापुरात घेण्यासारखं उत्तम काम आहे शेंगा चटणीचं.

अर्धा किलो शेंगदाणे घ्यावेत. लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत पंधरा-वीस मिनिटं भाजावेत. घाई केली तर वरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात, मग चटणीला कच्चट वास येतो आणि ती लवकर खवट होते. एक दाणा फोडून बघावा, आतून बदामी झाला की उतरवावा. पूर्ण गार होऊ द्यावेत, मग चोळून, पाखडून साली काढाव्यात. पंचवीस-तीस पाकळ्या लसूण, तीन-चार चमचे लाल तिखट, दोन चमचे जिरं, अडीच चमचे मीठ. हे चमचे चहाचे. लसूण धुतला असेल तर पुसून कोरडा करावा, पाण्याच्या अंशानं चटणी टिकत नाही. खलबत्त्यात आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट एकजीव कुटावं. मग दाणे मुठीमुठीनं घालावेत. आधी भरड होते, मग कडा ओलसर दिसू लागतात, मग बत्त्याला चटणी चिकटते आणि दाबली की बोटाला तेल लागतं. ती खरी सोलापुरी चटणी. मिक्सरच्या पात्यानं दाण्याचा भुगा होतो, आणि अजून फिरवलं तर एकदम गोळा होतो, मधली ती तेल सुटलेली भरड अवस्था हाती लागत नाही. कुटण्यात दाणा चिरडला जातो, कापला जात नाही, म्हणून तेल हळूहळू बाहेर येतं. खलबत्ता जमिनीवर न घेता मजबूत टेबलावर, खाली चौपदरी टॉवेल घालून ठेवावा. एका वेळी पाव किलोच कुटावं आणि हात बदलत राहावं, खांदा धरत नाही.

मिठाला घाबरून चटणी सोडू नये. एवढ्या चटणीत मीठ साधारण बारा-तेरा ग्रॅम असतं. जेवताना दोन पोहेचमचे घेतले तरी पोटात पाऊण ग्रॅमच्या आतच जातं. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची मानतात. मीठ खरं जास्त जातं ते पापड, लोणचं आणि फरसाणातून. डॉक्टरांनी कडक पथ्य सांगितलं असेल तर मिठाचा एक चमचा कमी करून लसूण वाढवावा, चव राहते.

ज्वारीचं मापही निवृत्तीत बदलतं आणि ते बदलताना मनाला थोडं लागतं. घर भरलेलं असताना वर्षाची तीन पोती घेणाऱ्यांना आता दोघांपुरती घ्यायची असते. दोन वेळच्या मिळून चार भाकरी, आणि मूठ-शेराच्या जुन्या अंदाजापेक्षा वजनानं धरावं: भाकरीला 75 ग्रॅम पीठ, दिवसाला 300 ग्रॅम, वर्षाला एकशे दहा किलोच्या आसपास. मुलं-नातवंडं सुट्टीला येतात त्यासाठी वर पंधरा-वीस किलो. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मंगळवेढ्याची, बार्शीकडची नवी ज्वारी तेव्हा बाजारात येते. दाणा दाताखाली धरून बघावा, कट् आवाज करून फुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. आणल्यावर दोन-तीन उन्हं द्यावीत, गार झाल्यावरच कोठीत भरावी, गरम भरली तर आत घाम धरतो आणि किडा लागतो. दळण आठवड्यापुरतंच आणावं. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा फाटतात. फाटू लागलीच तर गार पाण्याऐवजी आधणाच्या पाण्यात पीठ मळावं.

कवळी लावणाऱ्यांना कडक भाकरी सोडावी लागते हा गैरसमज आहे. ती मुळात चावून खायची चीज नव्हेच. चुरून आमटीत किंवा दुधात पाच मिनिटं भिजवली की मऊ होते आणि भाजल्याचा खमंगपणा राहतो. खालची कवळी हलत असेल तर दंतवैद्याकडून रिलाइन, म्हणजे आतून नवा थर देऊन घट्ट, करून घ्यावी. हिरड्या झिजतात, कवळी तीच राहते, म्हणून ती सैल होते. कवळी चिकटवायच्या पावडरीवर दिवस काढले की हिरडीला जखम होते.

पुण्याला मुलांकडं जायचं तर पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. लांबच्या प्रवासासाठी ध्यानात ठेवायचं ते हे: रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे. पुरुषाला 60 आणि बाईला 45 वर्षं पूर्ण असावीत, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं. तिकिटात तरुण मुलगा किंवा नातू जोडला की हा कोटा लागत नाही, म्हणून त्याचं तिकीट वेगळं काढावं. एसटीला 65 पासून निम्मं भाडं आणि 75 पूर्ण झाल्यावर राज्यात मोफत प्रवास आहे. गोळ्या पिशवीत दोन ठिकाणी ठेवाव्यात, हातातल्या पिशवीत तीन दिवसांच्या आणि बाकीच्या बॅगेत, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो. कडक भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात उभ्या लावल्या तर मोडत नाहीत. चटणीचं तेल झिरपतं, म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न देता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात द्यावी. आणि निघायच्या आधी शेजाऱ्यांकडं किल्ली ठेवून सांगावं की पाणी आलं तर आमचा हौद भरून घ्या, त्यांचं काही अडलं तर त्यातलंच वापरा.